साबुदाण्याच्या मुळाशी

रात्री साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवायचं आणि झाकण घालायचं. सकाळी त्यातला एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा. मधे खडा लागला नाही, दाणा मऊ चपटा झाला, म्हणजे खिचडी मोकळी होणार. घरोघरी होणारी ही परीक्षा. तोच दाबलेला दाणा एकदा बशीत ठेवा आणि त्यावर आयोडीनच्या पातळ द्रावणाचा थेंब टाका. दाणा डोळ्यांदेखत निळा होतो, मग जवळजवळ काळा. शाळेत बटाट्याच्या कापावर आपण सगळ्यांनी हा प्रयोग केलेला असतो आणि 'स्टार्च आहे' एवढं उत्तर वहीत लिहून पुढच्या प्रयोगाकडे वळलेलो असतो.

तो गडद निळा रंग सगळ्या स्टार्चचा नसतो. तो मुख्यतः स्टार्चमधल्या पाचव्या हिश्शाचा असतो आणि तो पाचवा हिस्सा जवळजवळ सर्वस्वी एका जनुकाच्या हातात असतो. ते जनुक बिघडलं तरी झाड उभं राहतं, पानं हिरवी असतात, कंद भरतो. फक्त थेंब टाकल्यावर कंद निळा न होता तांबूस-तपकिरी होतो. हे कसं घडतं ते आपण सावकाश पाहू. त्यासाठी आधी साबुदाण्याच्या मुळाशी जायला हवं, आणि इथे 'मुळाशी' हा शब्द अक्षरशः खरा आहे.

साबुदाणा झाडाला लागत नाही. मलय बेटांवर सागो नावाच्या ताडाच्या खोडातून जो पिठाचा गर काढत, त्याचे दाणे करायची पद्धत जुनी. आपल्या बाजारातला साबुदाणा मात्र कसाव्याच्या मुळांपासून होतो. कसावा म्हणजे टॅपिओका, आपल्याकडे साबुकंद म्हणतात तो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्याच्या दक्षिण कडेचा. पोर्तुगीजांबरोबर तो मलबार किनाऱ्यावर आला आणि १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा सागो आणि स्टार्च बंद पडला, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलममध्ये कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आपली उपवासाची खिचडी आजही मोठ्या प्रमाणात त्याच भागावर अवलंबून आहे. २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारखान्यात काय करतात ते समजायला उन्हाळ्यातलं आपलं वाळवण आठवावं. बटाट्याचा कीस पाण्याच्या पातेल्यात पडत असतो. कीस उपसून घेतला आणि ते गढूळ पाणी अर्धा तास तसंच राहू दिलं, की तळाशी पांढरा थर बसतो. वरचं पाणी हलकेच ओतून दिलं तर खाली घट्ट, पांढराशुभ्र, बोटाने दाबला की करकरणारा गोळा उरतो. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना निवळी ओततात, तीच ही रीत. सेलममध्ये हेच हौदांत चालतं. कंद सोलायचे, धुवायचे, किसून त्यांचं दूध गाळायचं आणि निवळत ठेवायचं. खाली बसलेला ओला स्टार्च फोडून कापडाच्या झोळीत हलवत राहिलं की तो आपोआप गोल दाणे धरतो. ते दाणे चाळून तव्यावर अर्धवट भाजले तर नेहमीचा साबुदाणा, वाफवले तर नायलॉन साबुदाणा. शेवटी ऊन. भाजताना वरचा थर शिजून चिकटतो, म्हणून दाणा दाणाच राहतो.

पातेल्याच्या तळाचा तो थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात पीठ दिसत नाही, कण्या दिसतात. बटाट्याच्या कण्या मोठ्या, काही तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या, शिंपल्यासारख्या लांबट. कसाव्याच्या बारीक आणि गोलसर, एखाद्या बाजूने कापल्यासारख्या. झाडाने साखर साठवण्यासाठी बांधलेल्या या कोठ्या. आता बांधकाम पाहू.

सुरुवात पानात होते. उन्हाच्या जोरावर पान कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतं आणि ती सुक्रोजच्या रूपात, म्हणजे आपल्या डब्यातल्या साखरेच्याच रूपात, खोडातल्या वाहिन्यांमधून मुळाकडे जाते. मुळाच्या पेशीत पोहोचल्यावर सुक्रोज सिंथेज नावाचं विकर तिचे दोन तुकडे करतं. विकर म्हणजे पेशीतला कारागीर, आणि प्रत्येक कारागीर घडवण्याची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. दोन तुकड्यांतला ग्लुकोज आणखी दोन-तीन हातांतून जातो आणि फॉस्फेट लागलेला ग्लुकोज होऊन स्टार्चच्या कोठारापाशी येतो. हे कोठार म्हणजे अमायलोप्लास्ट, पेशीतली दुहेरी पडद्याची पिशवी. पानात जिथे हरितद्रव्य असतं त्या पिशवीची ही बिनरंगाची सख्खी बहीण. तिच्या पडद्यात दोन दरवाजे महत्त्वाचे आहेत. एकातून ग्लुकोज आत येतो. दुसऱ्यातून एटीपी, म्हणजे बांधकामाला लागणारी ऊर्जा. हे दोन दरवाजे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याशी काम आहे.

आत आलेल्या ग्लुकोजला थेट भिंतीत बसवता येत नाही. आधी त्याला एडीपी नावाची मूठ लावावी लागते, म्हणजे पुढचा कारागीर त्याला धरू शकतो. ही मूठ लावणारं विकर एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज, आपण त्याला एजीपेज म्हणू. एजीपेज हा नुसता कामगार नाही, तो मुकादम आहे. पेशीत साखरेचा ओघ चांगला असेल तर तो हात चालवतो. फॉस्फेट साचू लागला, म्हणजे ऊर्जेची ओढाताण आहे असं दिसलं, की तो काम थांबवतो. अनेक वर्षं शास्त्रज्ञांची नजर या एकाच विकरावर का खिळली होती, ते यावरून कळेल.

मूठ लावलेले ग्लुकोज मग साखळीत एकामागून एक जोडले जातात. जोडणारी विकरं म्हणजे स्टार्च सिंथेज. ती चार-पाच प्रकारची असतात आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या लांबीची साखळी आवडते. नुसत्या साखळ्या वाढत राहिल्या तर गुंता होईल, म्हणून फांद्या फोडणारं विकर मधेच साखळीचा तुकडा तोडतं आणि दुसरीकडे आडवा जोडतं. त्याच्या मागोमाग छाटणी करणारं विकर येतं. द्राक्षबागेत नको त्या जागी आलेल्या फुटी काढून टाकतात तसं ते वेड्यावाकड्या फांद्या काढून टाकतं. या तिघांच्या हातून जो फांद्यांचा रेणू तयार होतो त्याचं नाव अमायलोपेक्टिन. छाटणी नेटकी झालेली असल्यामुळे शेजारशेजारच्या फांद्या एकमेकींभोवती पीळ घेतात, पिळांच्या रांगा थरावर थर रचल्या जातात, आणि कांद्यासारखी पदर धरत कणी मोठी होते. स्टार्च पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो, त्याचं कारण ही रचना.

यातला एकेक कारागीर गैरहजर राहिला तर काय होतं? याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कंदातलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेंडेलने १८६६ साली ज्या वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडले त्यांत गोल आणि सुरकुतलेले असे दोन प्रकार होते. सुरकुती कशामुळे, हे समजायला १९९० साल उजाडलं. इंग्लंडमधल्या जॉन इन्स केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सुरकुतलेल्या वाटाण्यात फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे. फांद्या कमी, म्हणून स्टार्च कमी. स्टार्च कमी, म्हणून साखर जास्त. साखर पाणी ओढते, दाणा फुगतो आणि वाळताना पाणी गेलं की साल सुरकुतते. मेंडेल वर्षानुवर्षं जे मोजत बसला त्यातला एक गुण स्टार्चच्या कारागिराचा होता!

रताळ्याचंही थोडक्यात. भट्टीत मंद भाजलेलं रताळं उकडलेल्यापेक्षा गोड लागतं, कारण त्यातलं बीटा-अमायलेज हे विकर उष्णतेने मऊ झालेला स्टार्च तोडून माल्टोज साखर करतं, आणि मंद आचेवर त्याला त्यासाठी भरपूर वेळ मिळतो. जपानमध्ये 'क्विक स्वीट' नावाचा रताळ्याचा वाण आहे. त्यात एका स्टार्च सिंथेजचं काम कमी झालं आहे, अमायलोपेक्टिनच्या फांद्या आखूड झाल्या आहेत, आणि त्यामुळे त्याचा स्टार्च नेहमीच्या रताळ्यापेक्षा सुमारे २० अंश कमी तापमानाला शिजतो. शिजणं लवकर, म्हणून गोड होणंही लवकर. चिमूटभर लांबीचा फरक थेट जिभेवर उतरतो.

आता निळ्या रंगाकडे येऊ. अमायलोपेक्टिनच्या जोडीला कणीत दुसरा रेणू असतो, अमायलोज. हा जवळजवळ बिनफांद्यांचा, लांबलचक धागा. आयोडीनचे अणू त्याच्या वेटोळ्यात शिरून बसतात म्हणून तो गडद निळा दिसतो. अमायलोपेक्टिनच्या फांद्या आखूड, त्यांच्यात आयोडीन तितकं मावत नाही, त्यांचा रंग तांबूस. बटाट्यात अमायलोज साधारण २० टक्के, कसाव्यात बहुधा त्याहून थोडं कमी. ते बनवणारं विकर वेगळंच आहे. बाकीचे कारागीर कणीच्या बाहेरून काम करतात, हा कणीच्या आत शिरून काम करतो. म्हणूनच त्याचं नाव कणीला बांधलेलं स्टार्च सिंथेज, जीबीएसएस. आत असल्यामुळे फांद्या फोडणाऱ्याचा हात त्याच्या धाग्यापर्यंत पोहोचत नाही आणि धागा सरळ राहतो. तो आत शिरतो कसा, हे २०१५ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात कळलं. पीटीएसटी नावाचं एक प्रथिन त्याला हाताला धरून स्टार्चपाशी नेऊन सोडतं. हा वाटाड्या नसला तर कारागीर असूनही अमायलोज होत नाही.

हा कारागीरच नसलेली झाडं माणसाला विज्ञानाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. आसामचा बोरा चाऊळ, थायलंड-लाओसचा चिकट भात, या सगळ्यांत अमायलोज नसतं किंवा नावापुरतं असतं. १९०८ साली शांघायहून एका मिशनऱ्याने मक्याचं बी अमेरिकेला पाठवलं. त्याचा दाणा कापला की आत मेणासारखा दिसे, म्हणून त्याला मेणचट मका म्हणू लागले, आणि त्या जनुकालाही तेच नाव पडलं. हा मका शेतीशाळांच्या कपाटात कुतूहल म्हणून राहिला. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतलं आणि अमेरिकेला मिळणारा कसाव्याचा स्टार्च थांबला, तेव्हा बदली म्हणून हा मका शेतात आला. एकाच तुटवड्याने अमेरिकेत मेणचट मका रुजवला आणि सेलममध्ये साबुदाण्याचे कारखाने. एरवी या दोन गोष्टी कोणी एका दमात सांगत नाही, पण त्या एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

अमायलोज नसण्याची एवढी मागणी का, हे खिचडीवरूनच कळतं. कढईतून उतरलेली खिचडी मऊ असते, दुपारी तीच वातड लागते. स्टार्च शिजतो तेव्हा कणी फुगते आणि अमायलोजचे धागे बाहेर झिरपतात. गार होताना हे सरळ धागे एकमेकांना पटकन चिकटून जाळं धरतात, पाणी बाहेर ढकललं जातं, घास ताठरतो. फांद्यांच्या रेणूला असं रांगेत बसायला फार वेळ लागतो. म्हणून अमायलोज नसलेल्या स्टार्चची खळ काचेसारखी पारदर्शक राहते, फ्रीजमध्ये ठेवली तरी पाणी सुटत नाही. मात्र अशी कणी फार भराभर फुगते आणि लवकर फुटते. दाणा न् दाणा वेगळा हवा असेल तिथे अमायलोजच उपयोगी.

मग कंदांत असा वाण आधीच का सापडला नव्हता? उत्तर जनुकांच्या प्रतींमध्ये आहे. जीबीएसएसची एक जरी चांगली प्रत असली तरी विकर पुरेसं तयार होतं आणि अमायलोज बनतं. बिघडलेली प्रत अप्रभावी, म्हणजे ती दिसायची तर झाडातल्या सगळ्या प्रती बिघडलेल्या हव्यात. भात आणि मका बियांपासून वाढतात, भात तर स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे दोन बिघडलेल्या प्रती एका दाण्यात कधी ना कधी एकत्र येतातच. बटाट्यात मात्र प्रत्येक जनुकाच्या चार प्रती, आणि लावतात तो बेण्यापासून. चारही प्रती एकदम बिघडणं जवळजवळ अशक्य. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी यावर सुंदर तोड काढली. त्यांनी गुणसूत्रांचा एकच संच असलेली बटाट्याची रोपं घेतली, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत, लपायला जागाच नाही. त्यांवर क्ष-किरण सोडले, त्यांच्यापासून कुपीत हजारो इवलेसे बटाटे धरवले, आणि एकेकाच्या कापावर आयोडीन टाकत गेले. एक तांबडा निघाला. १९८७ साली तो प्रसिद्ध झाला.

त्याच्या पुढची बटाट्याची कथा मात्र प्रयोगशाळेबाहेर घडली. बीएएसएफ कंपनीने 'ॲम्फ्लोरा' नावाचा बटाटा केला, ज्यात जीबीएसएस जनुकाची उलटी प्रत घालून चारही प्रती गप्प केल्या होत्या. कागद आणि गोंदाच्या उद्योगासाठी होता तो, ताटासाठी नव्हे. युरोपीय संघाने मार्च २०१० मध्ये लागवडीला परवानगी दिली, त्याआधी अर्ज एक तपाहून जास्त काळ पडून होता. २०१२ च्या जानेवारीत कंपनीने तो युरोपच्या बाजारातून काढून घेतला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ती परवानगीच रद्द केली.

कसाव्याचा मार्ग वेगळा होता, आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. कसाव्याला दोन संच, ३६ गुणसूत्रं. म्हणजे दोनच प्रती. पण तोही लावतात खोडाच्या कांडीपासून. गेल्या वर्षीच्या झाडाचं खोड कापायचं, वीतभर कांड्या करायच्या, मातीत खोचायच्या. झाड पिढ्यान्‌पिढ्या तेच. त्यात एक प्रत बिघडली असेल तर ती दुसऱ्या चांगल्या प्रतीच्या आड शेकडो वर्षं तशीच पुढे जात राहते, कोणाला पत्ता लागत नाही. कसाव्याला फुलं येतात, पण एकाच तुऱ्यातली मादी फुलं आधी उमलतात आणि नर फुलं आठवड्या-दोन आठवड्यांनी, त्यामुळे पराग बहुधा दुसऱ्या झाडाचाच पडतो. लपलेल्या दोन प्रती समोरासमोर आणायच्या तर झाडाचं त्याच्या स्वतःच्याच परागाशी लग्न लावावं लागतं. कोलंबियातल्या पाल्मिरा शहराजवळच्या सीआयएटी या संस्थेकडे कसाव्याच्या हजारो वाणांचा संग्रह आहे. एर्नान सेबायोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे हेच चिकाटीचं काम हाती घेतलं. मादी फूल उमलायच्या आधी कापडी पिशवीने झाकायचं, त्याच झाडाच्या दुसऱ्या तुऱ्यावरचा पराग हाताने लावायचा, बोंडातून निघणाऱ्या जास्तीत जास्त तीन बिया जपायच्या, रोप वाढवायचं, मुळं धरू द्यायची, आणि मग मूळ कापून त्यावर आयोडीन. अशी स्वपरागित रोपं अनेकदा खुरटी निघतात, कारण लपलेले इतर दोषही त्यांच्यात उघडे पडतात. त्या सगळ्या निळ्या कापांमध्ये २००६ साली एका रोपाचा काप तांबूस-तपकिरी निघाला. एएम २०६-५ हा त्याचा क्रमांक. त्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज जवळजवळ नव्हतंच. नंतर जनुक वाचल्यावर दिसलं की जीबीएसएसच्या कृतीतलं एकच अक्षर गळालेलं आहे. एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन एका घराने सरकतं आणि लवकरच 'थांबा' अशी खूण लागते. विकर अर्धवट राहतं.

त्या एका अक्षराने काय बदललं आणि काय बदललं नाही, इकडे लक्ष द्या. स्टार्च कसा आहे, हे बदललं. स्टार्च कोठारात भरण्याचं काम मात्र चालूच राहिलं.

२०१८ साली ईटीएच झुरिकच्या गटाने तीच गोष्ट जनुकाच्या संपादनाने करून दाखवली. क्रिस्पर या रेणूंच्या कात्रीने त्यांनी काही कसाव्यांत जीबीएसएस कापला, काहींत त्याला आत नेणारा पीटीएसटी वाटाड्या. दोन्ही प्रकारे अमायलोज कमी झालं किंवा नाहीसं झालं. यातली खरी हुशारी मला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. कात्री झाडात घालायची तर तिचं जनुकही झाडात राहतं, आणि ते काढून टाकायचा सोपा उपाय म्हणजे फुलं आणून पुढची पिढी घेणं. हरितगृहात कसाव्याला फुलं येता येत नाहीत. म्हणून त्यांनी कात्रीबरोबरच फुलं लवकर आणणारं एक जनुक जोडून दिलं. झाड हरितगृहातच फुललं, बी धरलं, आणि पुढच्या पिढीत कात्री आणि फुलांचं जनुक दोन्ही नसलेली, पण बदल टिकलेली रोपं निवडता आली.

हे सगळं ऐकल्यावर कोणाच्याही मनात येणारा प्रश्न शेतकऱ्याच्या मनातही येतो. मग एखादं जनुक बदलून स्टार्च जास्त का भरत नाही? इथे माझं मत स्पष्ट आहे. 'जास्त स्टार्चचं जनुक' असं काही शोधणं ही दिशाच चुकीची आहे, आणि तीस वर्षांच्या प्रयोगांनी ते दाखवलं आहे.

कमी करायला एक जनुक पुरतं. जर्मनीतल्या गटाने १९९२ साली बटाट्यात मुकादमाचाच, एजीपेजचा, हात बांधला. कंदात स्टार्च जवळजवळ नाहीसा झाला, साखर साठत गेली, आणि झाडाने मोजक्या मोठ्या बटाट्यांऐवजी पुष्कळ लहान बटाटे धरले. त्याच वर्षी अमेरिकेत उलट प्रयोग झाला. जिवाणूतलं एजीपेज, ज्याला पेशीतला थांबा-चला हा हिशोब ऐकूच येत नाही असं, बटाट्यात घातलं. कंदांत स्टार्च सरासरी एक तृतीयांशाने वाढला. मोठी बातमी झाली. पण १९९६ साली ब्रिटनमध्ये दुसऱ्या जातीच्या बटाट्यावर तसाच प्रयोग केला, तेव्हा स्टार्च वाढलाच नाही. बांधकाम वेगाने होत होतं, हे खरं होतं. पण मोडणंही तितक्याच वेगाने सुरू झालं होतं. कोठारात भरणाऱ्यांना घाई केली तर दुसऱ्या दाराने उपसणारेही जागे होतात. कसाव्यात २००६ साली असाच जिवाणूचा बदललेला मुकादम घातला, तेव्हा झाडांच्या कंदांचं एकूण वजन २.६ पटींपर्यंत गेलं, पण ती झाडं हरितगृहातली होती, शेतातली नव्हे.

मग ते दोन दरवाजे आठवा, ग्लुकोजचा आणि एटीपीचा. जर्मन शास्त्रज्ञांनी बटाट्यात आधी फक्त ग्लुकोजचा दरवाजा मोठा करून पाहिला, काही झालं नाही. दोन्ही एकदम मोठे केले, तेव्हा स्टार्च वाढला. २०१२ साली त्यांनी तिसरी गोष्ट जोडली. पानांत दिवसा साठून राहणारा स्टार्च कमी केला, म्हणजे साखर पानात न अडकता खाली जाईल. वरून ढकललं आणि खालून ओढलं, तेव्हा झाडामागे मिळणारा स्टार्च दुप्पट झाला. एकाच ठिकाणी जोर लावून जे झालं नाही ते ओघाच्या दोन्ही टोकांना हात घातल्यावर झालं. पाटाचं पाणी आपल्याकडे ज्यांनी वळवलं आहे त्यांना हे सांगायला नको. शेवटचं दार कितीही उघडलं तरी वरून पाणी सुटलेलं असावं लागतं.

माणसाने हे नकळत फार पूर्वीच केलेलं आहे. कसाव्याच्या रानटी पूर्वजाची मुळं बारीक, काष्ठमय, थोड्या स्टार्चची. २०१४ साली रानटी आणि लागवडीच्या कसाव्याचे जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले तेव्हा एका जागी खूण सापडली नाही. प्रकाशसंश्लेषणाशी आणि स्टार्च साठवण्याशी संबंधित अनेक जनुकांवर निवडीचे ठसे होते, आणि कडू विषारी द्रव्यं, पेशींच्या भिंती यांच्याकडे जाणारा खर्च कमी झालेला होता. हजारो वर्षं बायका-पुरुषांनी कंद काढले, त्यातल्या बऱ्या झाडाच्या कांड्या पुन्हा लावल्या, एवढंच.

तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम इथे १९६३ पासून केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था आहे. तिथल्या पैदासकारांनी आणखी एक वाट वापरली, जिथे एकेका जनुकाचा प्रश्नच येत नाही. गुणसूत्रांचे चार संच केलेला कसावा आणि नेहमीचा दोन संचांचा कसावा यांचा संकर केला, की तीन संचांचं, ५४ गुणसूत्रांचं झाड मिळतं. श्रीहर्षा, श्रीअतुल्या हे स्टार्चसाठी निवडलेले वाण असे त्रिसंची आहेत. तीन संच जोडीने वाटले जात नाहीत, म्हणून अशा झाडाला बी धरणं कठीण. केळ्यात जे चालतं तेच इथे चालतं. कांडी लावायची असल्यामुळे बी नसण्याचं काही बिघडत नाही.

सेलमच्या भागात कंदाचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाही, स्टार्चच्या 'पॉइंट'वर ठरतो. स्टार्च पाण्याहून जड असतो, म्हणून कंदाच्या नमुन्याचं हवेतलं वजन आणि पाण्यात बुडवून घेतलेलं वजन यांच्या फरकावरून तो किती भरला आहे ते काढता येतं. एकच वाण, एकाच शेतातला, पण पॉइंट वेगळे येऊ शकतात. कोरड्या महिन्यांत पानं गाळून बसलेलं झाड पहिल्या पावसानंतर नवी पालवी फोडायला लागलं की त्यासाठी लागणारा माल कंदातून वर जाऊ लागतो, आणि पॉइंट उतरतात. म्हणून जाणता शेतकरी पालवीच्या आधी कंद काढतो. काढल्यावरही थांबता येत नाही. उपटलेल्या कसाव्याच्या मुळात दोन-तीन दिवसांत निळसर-काळ्या रेघा पडू लागतात आणि स्टार्चचा दर्जा घसरतो. काट्यावर नमुना पाण्यात सोडला जातो तेव्हा ट्रॉलीतले बाकीचे कंद आदल्या दिवशी काढलेले असतात, त्यांच्या सालींवरची लाल माती अजून ओलीच असते.